भुवईच्या आधी

आमच्या गाळ्यात दोन नियम आहेत आणि दोन्ही आजोबांनी घालून दिलेले. काच आगीवर चढली की उतरेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा पहिला. ती भट्टीतून थंड होऊन बाहेर येईपर्यंत तिच्याबद्दल चांगलं-वाईट काहीही बोलायचं नाही, हा दुसरा. पहिल्याला कारण आहे. ज्याच्या तोंडात नळी असते त्याला उत्तर देता येत नाही आणि ज्याच्या हातात बर्नर असतो त्याने मान वळवायची नसते. दुसऱ्याला काही कारण नाही, दृष्ट लागते म्हणायचे आजोबा. मला जन्मापासून तोंड मिटून बसायची सवय नाही, त्यामुळे या दोन नियमांनी माझा जेवढा छळ केला तेवढा शाळेतल्या बाईंनीही केला नसेल.

गाळा डोंबिवलीच्या एमआयडीसीत आहे. आजूबाजूला सगळे रसायनांचे कारखाने, आणि त्यांना लागणारी काचेची भांडी आम्ही हाताने करतो. चंबू, वाकड्या नळ्या, कंडेन्सर. आजोबा कोकणातून आले ते कंदिलाच्या काचा फुंकायच्या कारखान्यात लागले होते. तिथे एक जण तापलेली काच नळीवर घेऊन फिरवायचा आणि दुसरा फुंकायचा. पुढे गावोगावी वीज गेली, कंदील माळ्यावर गेले, आजोबांनी स्वतःचा बर्नर मांडला. पण जोडीने काम करायची सवय काही त्यांनी सोडली नाही. बाकीचे कारागीर फुंकायची रबरी नळी स्वतःच्याच तोंडात धरतात. काच लेथवर फिरत असते, हातात बर्नर असतो, वाटेल तेव्हा आपली आपण फुंकर मारायची. सोपं आहे. आमच्याकडे मात्र आग एकाची आणि श्वास दुसऱ्याचा. फुंकताना गाल हलतो, गाल हलला की हात हलतो, हे आजोबांचं म्हणणं.

बाबांच्या आगीला आईचा श्वास होता. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं की नवऱ्याचा कारखाना म्हणजे आपल्याला दुपारचा डबा पाठवायचा आहे. काही महिन्यांत ती लेथच्या टोकाला स्टुलावर बसून नळी तोंडात धरायला लागली, ती आत्ता-आत्तापर्यंत.

बोलायचं नाही, मग फुंकायचं कधी हे कळणार कसं? तर भुवईवरून. बाबांनी डावी भुवई उचलली की फुंकायचं, खाली आली की थांबायचं. आगीची पिवळी झळाळी डोळ्यांत जाऊ नये म्हणून या धंद्यात जांभळट काचांचा मोठा चष्मा लावतात. तो नीट लावला तर भुवई झाकते, म्हणून बाबा तो नाकाच्या शेंड्यावर ठेवायचे आणि बरंचसं काम चष्म्याच्या वरूनच बघायचे. आजोबाही तसंच करायचे. आम्हाला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. घरातसुद्धा बाबांची भुवई म्हणजे चौकातला सिग्नलच होता; ती उचलली की टीव्हीचा आवाज आपोआप कमी व्हायचा.

माझं काम वेगळं. मी भांड्यांची तोंडं घासून जुळवते, माल तपासते, गिऱ्हाइकांशी बोलते आणि गरज पडली तर भांडते. गरज बऱ्याचदा पडते. पण नळीला मी कधी तोंड लावलं नव्हतं. ती आईची होती, जसा देवघरातला तिचा पाट.

मागच्या वर्षी आईचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, कल्याणला. डॉक्टरांनी सुट्टी देताना सांगितलं की वजन उचलायचं नाही, पोटावर जोर द्यायचा नाही. मी विचारलं, "आणि फुंकायचं?" त्यांना वाटलं मी फुग्यांबद्दल विचारते आहे. सगळं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "अजिबात नाही. आता कधीच नाही म्हटलं तरी चालेल." आई खिडकीबाहेर बघत होती. बाबांनी औषधांची पिशवी उचलली आणि रिक्षा बघायला गेले.

नेमका त्याच वेळी कोळशेतच्या एका प्रयोगशाळेचा कंडेन्सर आमच्याकडे व्हायचा होता. कंडेन्सर म्हणजे बाहेरून एक जाड लांब नळी आणि तिच्या पोटात बारीक नळीचं वेटोळं. वेटोळ्यातून थंड पाणी वाहतं, बाहेरची वाफ त्याला लागून पुन्हा थेंब होऊन खाली येते. त्यांचा जुना फुटला होता आणि सगळं काम ठप्प होतं. वेटोळं बाबांनी आईच्या ऑपरेशनआधीच वळून ठेवलं होतं, इतकं सारखं की ते कपाटात नुसतं ठेवलेलंही मी येता-जाता बघायचे. राहिले होते ते दोन सांधे. वेटोळ्याची दोन्ही टोकं जाड नळीच्या भिंतीतून बाहेर काढायची आणि तिथे काचेला काच एकजीव करायची. आगीने तो भाग मऊ झाला की आत बसायला लागतो. बरोब्बर त्या क्षणी आतून फुंकर मिळाली तर वर येतो आणि सारखा होतो. उशीर झाला तर गाठ राहते. गाठ गरम असताना दिसतही नाही धड. थंड होताना तडकते, आणि मग वेटोळ्यासकट सगळं कचऱ्यात.

बाबा म्हणाले, "तू बस नळीवर."

मी आनंदले, खोटं कशाला सांगू. वाटलं, भुवई तर बघायची आहे, एवढी वर्षं बघतेच आहे.

आधी रद्दी नळ्यांवर सराव करायचं ठरलं. पंखा बंद, दार बंद, कारण वाऱ्याची झुळूकही चालत नाही. बर्नर घोंघावायला लागला. मी डोळे ताणून बाबांची भुवई बघत बसले. भुवई उचलली, मी फुंकलं. माझी फुंकर आईसारखी मऊ नाही. नळी जिथे लेथला जोडते तिथे शिट्टी वाजली. बाबांच्या कपाळावर आठी आली. भुवई खाली, मी थांबले. तो सांधा सावकाश निववायच्या भट्टीत गेला आणि दुसऱ्या दिवशी बाहेर आला तो तडकूनच.

दुसराही तडकला. तिसऱ्याला गाठ एवढी मोठी होती की तपासायचीही गरज नव्हती.

"झोपतेस का गं तिथे?" बाबा ओरडले. सांधा भट्टीतून बाहेर आल्यामुळे बोलायला मोकळीक होती आणि ते ती पुरेपूर वापरत होते. "मी भुवई उचलतो, तू पंचांग बघतेस!"

"तुम्ही उचललीत त्याच क्षणी फुंकलं मी!"

"मग हे काय आहे? तुझी आई इतकी वर्षं बसली, एकदा तरी उशीर झाला तिला?"

"मग आईलाच आणा उचलून!" मी नळी लेथवर आपटली. ती रबरी होती म्हणून वाचली.

बाबा खाली बसले. मग अगदी हळू, मला जास्त भीती वाटली ती या हळू आवाजाची, म्हणाले, "कोळशेतचं काम नीट उतरलं नाही ना, तर मी बर्नर बंद करणार. तुझ्या आईशिवाय दुसऱ्याच्या श्वासावर मला जमत नाही, हे तरी कळेल एकदाचं."

ते रागाने बोलतात तेव्हा मी कानाडोळा करते. हे रागाने नव्हतं. बर्नर बंद म्हणजे गाळा बंद, आणि बर्नरशिवाय बाबा म्हणजे काय हे मला डोळ्यांपुढे आणताही येत नव्हतं. मला एकदम आजोबांचे शेवटचे दिवस दिसले: गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, हातात रिकामा चंबू, अंगठा त्याच्या गळ्यावरून फिरतो आहे. त्या जुन्या काळी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं होतं. दुसऱ्या डोळ्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

मी दुपारी स्कूटर काढून घरी गेले. आई पलंगावर उशीला टेकून मेथी निवडत होती. मी चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले. भुवई हलते त्या क्षणी मी फुंकते, डोळ्याची पापणी लवू देत नाही, तरी मला उशीर कसा होतो? तू नेमकं काय करत होतीस ते एकदा नीट सांग.

आई मेथीच्या काड्यांकडे बघत राहिली. "भुवईकडे नको बघूस. काचेकडे बघ."

"अगं, पण नियम भुवईचा आहे!"

"आहे ना. मग?"

"मग काय मग? आई, तीन सांधे गेले. बाबा बर्नर बंद करायच्या गोष्टी करतायत. काय असेल ते सरळ सांग."

तिने मेथी बाजूला ठेवली. हात पदराला पुसले. "तुला नाही होत उशीर," ती म्हणाली. "भुवईला होतो."

मला आधी कळलंच नाही.

"त्यांना आता कड दिसत नाही गं. ज्योत पसरून दिसते त्यांना. काच मऊ होऊन खाली बसायला लागते ती वेळ त्यांच्या लक्षात येत नाही, सवयीने अंदाजाने उचलतात भुवई. माझ्या एक दिवस लक्षात आलं. मग मी थोडं आधी फुंकायला लागले. अगदी हळू. भुवई येईपर्यंत काच वर आलेली असायची. त्यांना वाटायचं त्यांनी सांगितलं आणि मी केलं."

"मोतीबिंदू?"

"मग दुसरं काय. एकदा डोळ्यांच्या शिबिरात नेलं होतं मी फसवून. डॉक्टरांनी सांगितलं आणि हे तिथून उठून आले. सासऱ्यांचं डोळ्यांसमोर आहे ना त्यांच्या. परत विषय काढलास तर गाळ्यात पाऊल टाकणार नाही म्हणाले."

मी तिथेच फरशीवर बसले. मला एवढा राग आला होता की कुणाचा ते ठरवता येईना. बाबांचा, आईचा, त्या नाकाच्या शेंड्यावरच्या चष्म्याचा. भुवई दिसावी म्हणून बापलेकांनी आयुष्यभर उघड्या डोळ्यांनी आग बघितली, आणि आता ती भुवईच आंधळी झाली होती. आमच्याशिवाय ही चूक दुसरं कोण करणार?

"आजकाल हे ऑपरेशन काहीच नसतं, आई. सकाळी जाऊन दुपारी घरी. आज बोलते मी त्यांच्याशी."

"बोल," आई म्हणाली. "आत्ता बोललीस तर कोळशेतचं काम ते करणार नाहीत. आणि हे काम त्यांच्या हातून नाही झालं तर पुढे कधीच बर्नरपाशी उभे राहणार नाहीत. आपल्याला काही येत नाही असं एकदा मनाने घेतलं की संपलं. मी ओळखते त्यांना. आधी सांधे होऊ देत."

म्हणजे मी बाबांना फसवायचं होतं, आईसारखं, तिच्यासारखी मऊ फुंकर नसताना. मेथी तशीच टाकून मी परत गेले.

सांध्यांच्या दिवशी मी गाळ्यात पोचले तेव्हा बाबांनी वेटोळं जाड नळीत बसवून सगळं लेथवर चढवलं होतं. आम्ही काच पुसली, पंखा बंद केला. दार लावणार तोच बाहेर रिक्षा थांबली आणि त्यातून पोटाला हात धरून आई उतरली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ही कशाला?"

"घरी बसून जीव जातो माझा," आई म्हणाली. "बोलत नाही काही. बसते नुसती." ती कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. बाबांनी स्वतः उठून तिच्या पाठीशी गोणपाटाची घडी ठेवली, मग दार लावलं आणि बर्नर पेटवला. त्यानंतर कुणी बोलायचा प्रश्न नव्हता.

लेथ फिरायला लागला. माझ्या तोंडात रबराची कडवट चव होती आणि मानेवरून घाम ओघळत होता. माझा जांभळट चष्मा मी घट्ट डोळ्यांवर बसवला होता. आता मी भुवईकडे तोंड करून काचेकडे बघत होते. बाबांना वाटलं पाहिजे की मी त्यांच्याकडेच बघते आहे. ज्योत वरच्या सांध्यावर आली. काच आधी नुसतीच चकाकत होती. मग तिची कड जराशी सैल झाली, दुधावरची साय हलते तशी, आणि खाली बसायला लागली. भुवई जागची हलली नव्हती.

एक क्षण मी थांबले. बाबांचं काम, बाबांची आग, आणि त्यांनी सांगितलेलं नसताना फुंकायचं. मग मी फुंकलं.

आणि शिट्टी वाजली.

बर्नरच्या घोंघाटातही ती ऐकू आली. काच सावकाश वर आली, भिंतीशी एकसारखी झाली. भुवई उचलली गेली ती त्यानंतर, आणि अर्ध्यावरच थांबली. बाबांची नजर काचेवरून निघून माझ्यावर आली. सगळं आयुष्य त्या माणसाने काम चालू असताना मान वळवली नव्हती. पुढच्या क्षणी त्यांनी पुन्हा काचेकडे बघितलं, ज्योत हळूहळू मऊ केली आणि सांधा निवू दिला. मी कोपऱ्याकडे बघितलं. आईने डोळे मिटून घेतले होते.

आता खालचा सांधा. बाबांनी बर्नर दुसऱ्या टोकाला नेला, तेव्हा त्यांचा हात अगदी स्थिर होता. त्यांना कळलं आहे का? कळलं असेल तर ते आत्ता बर्नर बंद करतील? नुसता गॅसचा कॉक फिरवला असता तरी वरचा सांधासुद्धा गेला असता, कारण एक टोक गरम आणि एक गार असं ठेवून चालत नाही. त्यांनी तसं केलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. नियम मोडून ओरडले असते बहुतेक.

ज्योत सांध्यावर आली. मी वाट बघत राहिले. बाबांनी डाव्या हाताने चष्मा नाकाच्या शेंड्यावरून वर ढकलला आणि डोळ्यांवर नीट बसवला. त्याची जाड फ्रेम भुवयांवर आली. आता भुवई दिसतच नव्हती.

मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि तोंडात नळी होती. रडत फुंकता येत नाही. मी काचेकडे बघितलं, फक्त काचेकडे. कड सैल झाली. मी फुंकलं, जमेल तेवढं हळू. या वेळी शिट्टी वाजली नाही. काच वर आली, मी थांबले. परत बसली, परत फुंकलं. बाबा ज्योत फिरवत होते आणि मी श्वास देत होते आणि कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

सगळं भट्टीत गेलं. बाबांनी दार लावून तापमानाचा आकडा फिरवला, पंखा चालू केला आणि हात धुवायला बाहेर गेले.

दुसऱ्या नियमाने आम्हाला त्या संध्याकाळी जितकं पिळलं तितकं आधी कधी पिळलं नव्हतं. कंडेन्सर भट्टीत होता, त्यामुळे त्याबद्दल एक शब्द काढायची सोय नव्हती, आणि त्याच्याशिवाय दुसरं बोलण्यासारखं घरात काही नव्हतं. आईने विचारलं, "अहो, भात वाढू?" बाबा म्हणाले, "अर्धा." मी शेजारच्या इमारतीच्या पार्किंगबद्दल काहीतरी काढलं. कुणी हुंकारही दिला नाही. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

सकाळी आम्ही तिघं गेलो. आईला घरी राहायला सांगायची माझी छाती झाली नाही. बाबांनी भट्टी उघडली. कंडेन्सर आत जसा ठेवला होता तसाच होता, पण त्याला अर्थ नसतो. चीर बारीक असली तर उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तो बाहेर काढला आणि टेबलावर गादीवर ठेवला. वरच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. मग खालच्या. खालच्यावर तो जरा जास्त वेळ राहिला.

"तू बघ," ते मला म्हणाले. "मला नीट दिसत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं मी ते त्यांच्या तोंडून, आणि ते इतकं साधं म्हटलं त्यांनी, जसं कुणी म्हणावं की आज पाणी आलं नाही.

काचेत ताण राहिला असेल तर तो तपासायला आमच्याकडे दोन काळपट फिल्म आहेत. त्यांच्या मधे काच धरायची. ताण असेल तिथे रंग उमटतात. मी वरचा सांधा धरला. मग खालचा. परत वरचा, कारण माझा माझ्यावर विश्वास बसेना. कुठेही रंग नव्हता.

"नीट आहे, बाबा. दोन्ही."

त्यांनी मान हलवली. मग खिशातून रुमाल काढून तो जांभळट चष्मा पुसायला लागले, एक काच, दुसरी काच, परत पहिली. "हे कोळशेतला पोचवून ये," ते मला म्हणाले. "आणि मग कल्याणला जाऊन डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर लाव. शिबिरातला कागद तुझ्या आईने ठेवला असेल कुठेतरी, ती टाकत नाही काही."

मी हो म्हटलं.

मग ते आईकडे वळले. ती त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, एक हात पोटाच्या टाक्यांवर. बाबांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात असं काहीतरी होतं की मी गादीवरचा कंडेन्सर उगाचच सरळ करत राहिले.

"इतकी वर्षं," ते म्हणाले. "मला सांगायचंस ना."

"कधी सांगणार?" आई म्हणाली. "काम चालू होतं."